उजवी सीट

आलेंतेझूच्या या सपाट मुलखात
दोनच गोष्टी वर जातात,
कॉर्कची झाडं आणि शिकाऊ विमानं.
झाडं सावकाश.

माझं कॅफे धावपट्टीच्या कुंपणाला लागून.
बावीस वर्षं बघतेय ही पोरं :
पांढरा शर्ट, खांद्यावर एक सोनेरी पट्टी,
ओठ हलतायत, पाठांतर चालू.
फिनलंडची, कोरियाची, अंगोलाची.
कॉफी ऐंशी सेंट. पाणी फुकट.
त्यांच्याकडे बघत काउंटरमागे मोठी झाली
माझ्या भावाची इओलांदा.
दहा वर्षांची असताना बशीत चमचा ठेवायची
तोही वाऱ्याची दिशा बघून.

बँकेतल्या बाईने कागद पुढे सरकवला
तेव्हा मी म्हणाले, चष्मा विसरले.
खोटं कशाला बोलू, पर्समध्येच होता.
वाचलं असतं तर सही झाली नसती.
पंच्याऐंशी हजार युरो. जामीन मी, आणि हे कॅफे,
खुर्च्या, बर्फाचं मशीन, मागची लिंबाची कुंडी धरून.
रात्री हिशेब केला :
एक लाख सहा हजार दोनशे पन्नास कप.
दूध वेगळं.

पास झाली. पहिल्या झटक्यात, सगळे पेपर.
त्या दिवशी कुणाकडून पैसे घेतले नाहीत मी.
मग पत्रं. मग पत्रांची उत्तरं.
मग उत्तरंही नाहीत.

म्हातारा आर्मिंदू रोज कोपऱ्यात बसतो.
आयुष्यभर कॉर्क सोलला त्याने,
कुऱ्हाड अशी की खोडाला ओरखडा नाही.
म्हणतो, झाड पंचवीस वर्षांचं झालं की पहिली साल निघते,
अन् ती बाटलीच्या बुचालाही लायक नसते.
मग काढता कशाला?
काढल्याशिवाय पुढची चांगली येत नाही.
नऊ वर्षं थांबायचं. खोडावर आकडा रंगवायचा,
म्हणजे कुणी आधीच हात घालत नाही.
इओलांदा पंचवीसचीच. ऐकत होती, टेबल पुसत.
मी म्हटलं, आर्मिंदू,
झाडाकडून कुणी आधी पैसे मागत नाही ना?
तो त्याची ब्रँडी प्याला.

मार्चमध्ये एक उत्तर आलं.
कंपनी खरी, विमानं खरी, गणवेशसुद्धा देणार.
अजून अठ्ठावीस हजार भरा,
पाचशे तास उजव्या सीटवर बसा,
पुढचं पुढे बघू.
मी दोनदा वाचलं. या वेळी चष्मा लावून.
म्हणजे त्या विमानात सगळ्यांनीच तिकीट काढलेलं,
मागे एकोणीस युरोत बसलेल्या आजीनेही
आणि पुढे, ते चालवणाऱ्या पोरीनेही.
तिचं सगळ्यात महाग.
आणि खिडकी मोठी.

मी काही बोलले नाही.
तिनेच पत्राची घडी घातली आणि
डुगडुगणाऱ्या तीन नंबरच्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.
टेबल स्थिर झालं. अजून आहे.
पण परवा सकाळी बघितलं,
घडी वेगळी होती. उलट्या बाजूने घातलेली.

महिन्यातून एकदा ती एक तास उडते.
हात विसरू नयेत म्हणून.
एकशे ऐंशी युरो, टिपच्या डब्यातून.
मी ओल्या हातांनी बाहेर येते.
कॅफेवरून जाताना ती पंख जरासा कलवते,
आणि माझ्या मनात, लाज वाटते सांगायला,
कप मोजले जातात : दोनशे पंचवीस.
मोजून होईपर्यंत ती टेकडीपलीकडे.
आवाज तेवढा मागे राहतो,
नंतर तोही नाही.

आज नवी तुकडी आली.
एक पोरगा, एस्टोनियाचा,
मानेला कॉलर अजून टोचतेय असा,
भिंतीवरचा तिचा फोटो बघून म्हणाला,
तुम्हीसुद्धा? इथूनच?
मग नोकरी मिळतेच ना नंतर?

माझ्या हातातला कप तसाच नळाखाली.
आर्मिंदूनेही पेपर खाली केला.

इओलांदाने ट्रे सरळ धरला, अगदी क्षितिजासारखा.
म्हणाली,
साखर एक की दोन?