पोचपावती

वाशीच्या पोस्टात एकतीस वर्षं शिक्के मारले मी,
म्हणून कुंडीतसुद्धा तारीख लागते मला.
कुल्फीच्या काड्या धुऊन वाळवून ठेवते.
काडीवर लिहिलं: बटमोगरा, नऊ फांद्या,
मढवी वहिनी, सानपाडा गाव, १८ फेब्रुवारी.

मागून आणलेली फांदी जगत नाही म्हणतात,
चोरावी लागते.
तर वहिनींनी माझ्याकडे पाठ केली,
"मी म्हावरा साफ करतंय, मना काय दिसत नाय."

पेन्सिलीएवढी जाड, डोळ्याखाली तिरका काप,
खालची पानं खुडलेली, वरची दोन अर्धी कातरलेली,
टोकाला दालचिनीची पूड.
दह्याच्या डब्यांना भोकं पाडून त्यांत रोवल्या.
शेजारी गोकर्णाचं बी, रात्रभर भिजवलेलं,
आणि एका पिवळ्या पाकिटातून कसलंसं काळं बी,
पाठवणाऱ्याचं नाव नाही,
पेरलं तरीही.

मग माझा तगादा सुरू.
पाचव्या दिवशी एक उपसली. काही नाही. परत खोचली.
अकराव्या दिवशी तीच उपसली:
कापाशी पांढरी गाठ, साबुदाण्याएवढी.
दिगंबरला दाखवायला धावत गेले
आणि दारात ती गाठ पडली, सापडलीच नाही.
पेपरामागून तो म्हणाला, "रजिस्टर्ड करायचं होतंस."

पत्र टाकल्यावर पेटीत बोटं घालून
ते नीट पडलं का बघणाऱ्यांना
मी काउंटरवरून ओरडलेय जन्मभर.
तीच मी.
महिन्याभरात सहा फांद्या गेल्या.

मार्चअखेर सोसायटीने दुरुस्ती काढली.
भिंतीला बांबूची परांची, परांचीवर हिरवी जाळी,
खिडक्या उघडायच्या नाहीत, जिन्यात नोटीस.
मी भांडले. झाडांचं ऊन तोडताय, म्हटलं,
लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली.
काही उपयोग झाला नाही.

दीड महिना काचेच्या अलीकडे मी,
पलीकडे शेवाळी उजेडात माझे डबे.
सकाळ-संध्याकाळ प्लास्टरवर पाइपने पाणी मारायला
अफरोज यायचा, कटिहारचा, मिसरूड फुटलेला.
डब्यांकडे बोट करून खुणेनेच विचारायचा: यांनाही?
मी मान हलवायची.
एवढंच बोलणं आमचं, दिवसातून दोनदा.

जाळी उतरली तेव्हा
तीन फांद्यांना पानं होती, कोवळी, चकचकीत,
आणि गोकर्णाने परांचीचा एक बांबू
आपलाच समजून वरपर्यंत गाठला होता.
बांबू तर जाणार होता.
अफरोज फळीवर उकिडवा बसून
स्वेटर उसवावा तसा तो वेल सोडवत राहिला,
खालून ठेकेदार शिव्या देत होता.
पिवळ्या पाकिटातलं काही उगवलं नाही.

नंतर बेलापूरच्या नर्सरीत माती आणायला गेलो,
तर रोपांवर डोक्याभर तीच जाळी, तोच हिरवा रंग.
दिगंबर माझ्याकडे बघून हसला.
सेक्रेटरींना यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं.

उघड्या उन्हाने तिसऱ्या दिवशी एक फांदी करपली.
दोन उरल्या.

अफरोजचं पुढचं काम ठाण्याला होतं,
घोडबंदर रोड, बाविसावा मजला.
पैसे घ्यायला आला तसा वरही आला, डब्यांशी उभा राहिला.
मागत नव्हता.
मी म्हटलं चहा ठेवते,
आणि आत जाऊन आलं किसलं, सावकाश,
मग पुन्हा थोडं किसलं,
साखरेचा डबा हाताशी असून शोधला.

बाहेर आले तर दार लोटलेलं,
एक डबा कमी.
दुसऱ्यातली काडीही नेली पोराने, तारखेसकट.

उरलेल्या फांदीला आता पत्ता नाही, तारीख नाही.
तिने मूळ किती धरलंय
मी अजून पाहिलेलं नाही.
दोन्ही कप चहा
मीच प्यायले.