कूलरचे पाय

दिवाळीच्या सफाईत आमच्या तीन गल्ल्यांतून
सात कूलर निघाले.
तळाची चाळणी झालेले,
गवताच्या जाळ्या काळ्या पडलेल्या,
पण स्टँड शाबूत, दीड इंची अँगलचे,
उभं राहायची सवय न गेलेले.
भंगारवाल्याने काटा काढला.
मी म्हटलं, बाकी सगळं ने, पाय ठेव.

लाकूड लकडगंजातून आणलं,
कुठल्याशा पाडलेल्या शाळेच्या खिडक्या.
साग. वर ऑइलपेंटचे थर:
हिरवा, निळा, पुन्हा हिरवा,
आणि सगळ्यात खाली एक मळकट गुलाबी,
तो कोणी निवडला असेल
हे विचारायला आता कोणी नाही.

आरागिरणीतले निनावे जुन्या लाकडाला
लोहचुंबक फिरवल्याशिवाय पातं लावत नाहीत.
स्पीकरमधून काढलेला चुंबक, सुतळीला बांधलेला.
तो जिथे थबकेल तिथे खडूची फुली.
फुल्या सोळा झाल्या.
खिळे सतरा होते.
सतराव्याने पातं तोडलं तेव्हा
निनावे काही बोलले नाहीत,
खिळा तेवढा माझ्या हातावर ठेवला,
पावती द्यावी तसा.

वेल्डिंग मी साठाव्या वर्षी शिकले,
कोराडीला बत्तीस वर्षं
विजेचा नुसता हिशेब ठेवल्यावर.
इलियास शिकवतो. मोमिनपुऱ्यात त्याचं ग्रीलचं दुकान.
"हात थरथरते त थरथरू द्या ताई,
ठिणगीकडे नोका पाहू,
वितळून राहिलं तिकडे पाहा."
माझा पहिला जोड त्याने काच वर करून पाहिला.
"कबुतर हगल्यावानी दिसते," म्हणाला,
मग हातोडीने दोनदा ठोकून,
"पण धरलं हाय."

जानेवारीत बाकडं कॉलनीच्या बागेत गेलं.
कोवळी उन्हं, संत्र्याच्या साली,
पाठ टेकून पेपर वाचणारे पेन्शनर.
सगळे म्हणाले, वा.
मीही म्हटलं, मनात, जरा मोठ्याने.

मग एप्रिल.
बाकड्याला लोखंडाचे हात मीच काढले होते कागदावर,
वळणदार, शेवटी एक गोल.
सकाळी अकराला उरकुडेंनी त्यावर कोपर टेकवला
आणि जी शिवी दिली
ती त्यांच्या बायकोनेही पहिल्यांदाच ऐकली.
चव्वेचाळीस. पंचेचाळीस.
रात्री साडेदहापर्यंत लोखंड
दिवस सोडायला तयार नसे.
कुत्री बाकड्याखाली झोपायची. वर कोणी नाही.

मी गच्चीतून पाहत राहिले.
कूलरचे पाय.
ते आधीही उन्हातच उभे होते की,
खिडकीबाहेर, सगळे उन्हाळे.
गारवा आत जायचा.
मी आत होते.

एका दुपारी उरकुडेकाकू दारात,
पदर डोक्यावर, खांद्यावर मुसळ.
"हे घ्या मुसय. कांडते कोण आता?
नाहीतर हे रोज कोपर दाखवून राहिले मले."
मधोमध झिजून बारीक झालेलं,
टोकाला लोखंडी कडं.
निनावेंनी कडं ठोकून काढलं, चुंबक फिरवला.
सुतळी सरळ लोंबत राहिली.
त्यांनी परत एकदा फिरवला, खात्रीसाठी,
मग उभं चिरलं, दोन सारख्या फाका.

इलियासने माझे वळणदार हात कापले.
शेवटचे गोल त्याने पोराला दिले, फिरवायला.
मुसळाच्या फाका मी नटबोल्टने बसवल्या,
डावीकडची जराशी तिरपी आहे,
बसल्यावर कळत नाही, पाहिल्यावर कळते.

उरकुडे आता संध्याकाळी येतात.
आधी दोन बोटांनी चाचपतात,
तवा तापला का पाहावा तसं,
मग बसतात.

पाच स्टँड अजून माझ्या अंगणात आहेत.
इलियास विचारतो, पुढचं कधी?
मी म्हणते, मे महिन्यात. भर बाराला.
टेप घेऊन ये, चप्पल घालून ये,
या वेळी मापं उन्हातच घेऊ.