अंगावरचं माप

दांडिया बाजारात आम्ही दोघेही मास्तर.
मी भूगोलाचा, माळवदे कात्रीचे.
पँटची कंबर सैल करायला गेलो
तर म्हणाले,
शाळेतला पृथ्वीगोल आणाल का एक दिवस?

त्यांची हेतल नर्स आहे,
नकाशाच्या पार वरच्या काठाला,
जिथे रस्ता नावाची गोष्टच नाही.
जावई विमानं दुरुस्त करतो
तसल्याच दुसऱ्या एका गावी.
मध्ये बर्फ.
आठवड्याला दोन विमानं,
तीही हवेची मर्जी असेल तर.

भिंतीवर जगाचा नकाशा,
लाल डोक्याच्या दोन टाचण्या,
मध्ये चांगलं चार बोटं अंतर.
"रोज बघतो. एवढं लांब का टाकलंय हो दोघांना?"

मी सुरू झालो:
गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली, की ध्रुवाकडे…
त्यांनी हातानंच थांबवलं.
"वरच्या बाजूला कापड ओढलं गेलंय.
माप अंगावर घ्यायचं असतं, मास्तर."

शनिवारी गोल नेला.
गळ्यातला टेप काढून
त्यांनी आधी विषुववृत्ताचा घेर घेतला,
सवयीनं एक बोट आत घालून.
अडतीसला जरा कमी.
"तुमच्या छातीएवढीच की!"

उत्तरायण चार दिवसांवर.
बाहेर फुटपाथवर चरखे फिरत होते.
पोऱ्याला पाठवून हातभर मांजा मागवला, गुलाबी.
एक टोक त्यांच्या अंगठ्याखाली,
एक माझ्या.
ताणला,
तर दोरा आपला आपणच
केसभर वर सरकला, ध्रुवाकडे,
जवळची वाट त्याला आधीच ठाऊक असल्यासारखा.
बावीस वर्षं मी हे फळ्यावर काढतोय.
हलताना पाहिलं नव्हतं.

पाऊण इंच.
मी गुणाकार केला:
आठशे किलोमीटर, थोडं इकडे तिकडे.
"म्हणजे इथून मुंबई,
आणि जेवायला परत घरी."
मग पावतीपुस्तकात लिहिलं: हेतल, पाऊण.
पुढे, जरा थांबून: दाबाला अर्धा.
"आत कापड ठेवलेलं बरं.
पुढेमागे सोडता येतं."

शटर ओढताना म्हणाले,
"तिकडे म्हणे आत्ता सूर्यच उगवत नाही.
मग त्यांचं उत्तरायण कधी?"
मला उत्तर येत होतं.
अक्षांशासकट येत होतं.
मी गोल काखेत मारला
आणि सुरसागरच्या कडेनं चालत आलो,
पृथ्वीला बसचा धक्का लागू नये म्हणून.

सोमवारी आठवी ब.
पहिल्या बाकावरचा पोरगा
गोलाच्या डोक्यापाशी नाक नेऊन:
"सर, ही गुलाबी रेघ कसली?
नदी, की सरहद्द?"

माझी पँट अजून तिथेच आहे.
पावतीवर तारीख नाही.