हातोडीचा आवाज

माझं काम ठोकायचं.
गोल डोक्याची हातोडी, वीतभर दांडा.
बोटीच्या अंगावर टण् वाजलं की पुढे सरकायचं,
बद् वाजलं की खडूने फुली.
बाकीचं, म्हणजे धुकं, भरती, मालकाची बडबड,
कागदावर येत नाही.

मार्चमध्ये पबनिकोच्या धक्क्यावर
ती कोरड्यात काढून ठेवलेली, छत्तीस फुटी, फायबरची,
पोटाखाली लाकडी टेकू.
शेजारी रचलेल्या शेवंडीच्या पिंजऱ्यांतून
वारा शिट्टी मारत होता.
विकणारा एल्फेज दाँत्रमाँ, गुडघे गेलेला.
परवाना त्याने गेल्याच वर्षी पुतण्याला विकला,
आणि परवाना गेलेली बोट म्हणजे
रस काढून उरलेलं चिपाड.
मी नाही म्हणत, बँक म्हणते.

घेणारी ओदील सुरेत, तिशीची,
गमबुटात दोन-दोन मोजे.
तिचा पहिलाच प्रश्न:
पाच वर्षांनी विकली तर काय येईल?

एल्फेजला झोंबलं.
"लग्नाआधीच काडीमोडाची बोली?"
"माझ्या बापाने नव्हतं विचारलं,"
ती म्हणाली, बोटीकडेच बघत.

मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं.
इंजिन साडेनऊ हजार तास चाललंय,
मेलेलं नाही, पण साठी उलटली.
रंग जितका ताजा तितकं त्याच्या खाली बघावं.
हौसेने बसवलेलं पुढच्याला अडगळ वाटतं;
एल्फेजच्या त्या पितळी दिव्याचा
छदामही मिळायचा नाही.
एक सांगाडा तेवढा भाव धरतो,
तोही कोरडा असेल तर.

मग ठोकत निघालो.
नाळेपासून मागे, टण्, टण्,
डाव्या कुशीवर टण्,
सुकाणूच्या वर, मागच्या फळीवर, टण्.
"तिथे नको," ओदील म्हणाली,
आणि अंगठा टेकवला एका जागी, हातभर खाली.
"इथे मारा."

बद्.

पुन्हा मारलं. बद्.
ओल मोजायचं यंत्र लावलं तर काटा टोकाला.

ही बोट आधी तिच्या बापाची होती.
फळीत पाणी शिरलेलं त्याला ठाऊक होतं.
विकायच्या आदल्या रात्री त्याने राळ भरली,
घासली, वर पांढरा हात मारला,
आणि दहा वर्षांच्या ओदीलने
त्याच्यासाठी बॅटरी धरली होती.

"एकोणीस वर्षं," एल्फेज म्हणाला,
"एकोणीस वर्षं रोज सकाळी मी पाणी उपसतोय
आणि दोष देतोय पंख्याच्या दांड्याला.
तीनदा बदलला तो दांडा."
मग हसायला लागला, खोकला येईपर्यंत.

मी हसलो नाही.
त्या वेळचा तपासणीचा कागद
अजून त्याच्या केबिनमध्ये होता, प्लास्टिकच्या पिशवीत.
मागची फळी: कोरडी.
खाली सही माझी.
त्या दिवशी पाऊस होता, घाई होती,
फळीच्या खालच्या अंगाला
हातोडी पोचलीच नव्हती बहुतेक.
मला आठवत नाही.
आठवत नाही असं म्हणणं सोपं पडतं.

"किती कापायचे?" एल्फेजने मला विचारलं.
दुरुस्तीचे निदान सहा हजार डॉलर, मी म्हणालो.
"त्या जागेचे काही कापू नका," ओदील म्हणाली.
"इंजिनाचे कापा, घासून कापा.
दिवाही नको मला, घेऊन जा.
पण फळीचे पैसे एकदा घेऊन झालेत
आमच्या घराने."

चाळीस वर्षांत
असा सौदा मी पाहिला नव्हता.
लिहिताना पेन जरा थांबलं.
हे असं ठळक लिहिलं, मी तिला म्हणालो,
तर पाच वर्षांनी तुझ्याच भावाला मार बसेल,
दुरुस्त केलीस तरी. लोक कागद वाचतात.
"वाचू देत.
दोन प्रती द्या. एक बँकेला,
एक मी ज्याला विकेन त्याच्यासाठी."

एल्फेज शिडीवरून एकेक पाय जपत उतरला.
काखेत पितळी दिवा,
दुसऱ्या हातात पाणी उपसायचा हातपंप,
मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली.
"हा यादीत नाही ना?"
मी यादी बघितली.
होता.
नाही म्हणालो.