समास

क्लायपेडाच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी सहा ते आठ
आम्ही सात जण वेबपान सजवायला शिकतो.
शिकवणारा दोमान्तास. वय एकवीस.
माझा हिवाळी कोट त्याच्याहून थोरला.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला,
पानावर जे जे दिसतं ते सगळं चौकटीत असतं.
चौकटीच्या आत गादी, बाहेर समास.
पुढच्या बाकावरचा झिग्मास मागे वळला.
"म्हणजे कंटेनरच की."
बंदरात तीस वर्षं क्रेनवर बसून त्यानं हेच केलं,
चौकटीवर चौकट, मध्ये बोटभर फट.
मला मात्र शाळेची वही आठवली.
लाल रेघ आखून समास सोडायचा,
तिथं फक्त बाईंनी लिहायचं.

रंगांना नावं असतात, हे नवीनच.
एकाचं नाव टोमॅटो, एकाचं ताग,
एकाचं चक्क सॅमन.
मी विचारलं, धुरी दिलेल्या ब्रीमचा आहे का?
दोमान्तास हसला नाही. तेव्हापासून तो मला आवडतो.
म्हणाला, नाव नसेल, पण आकडा असणार. शोधा.

दोन आठवडे शोधला.
आल्डरच्या लाकडाचा चार तासांचा धूर
सहा खुणांत बसवायचा.
एक आकडा इकडे, मासा करपतो.
एक तिकडे, कच्चा राहतो.
रात्री अकराला सापडला, आणि
घरात सांगायला कोणी नव्हतं
म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्ठा लिहून ठेवला.

मग एकदा एक अर्धविराम राहिला.
वरची ओळ खालचीत घुसली आणि दोघीही वाया.
मी आणि गेनोवाइते टपरीवर एकदम बोलायला लागलो
की गिऱ्हाइकाला एकीचंही कळत नाही, तसं.

"अत्यंत महत्त्वाचं" असा एक शिक्का असतो,
मारला की बाकीचे नियम गप्प.
तो वापरू नका, दोमान्तास म्हणाला.
एकदा ओरडलात की पुढं दर वेळी
त्याहून मोठ्यानं ओरडावं लागतं.
(हे त्याला कोणी सांगितलं? एकवीस वर्षांच्या पोराला?)

आणि वारसा. अक्षराचा रंग
आईकडून लेकराकडे आपोआप उतरतो,
चौकटीची रेघ उतरत नाही.
यात नवल ते काय.
माझ्या मुलाला बापाचे कान आले,
धुराडं नाही आलं.
तो डब्लिनला असतो.

पान आमच्या टपरीचं, युओदक्रान्तेच्या रस्त्यावरच्या.
वरती नाव, त्याखाली स्तासिसचा फोटो,
हातात आकडा, आकड्याला ईल, डोळे धुरानं बारीक.
गेनोवाइते म्हणाली, काढून टाक.
लोक विचारतात, हे कुठं असतात?
दर वेळी मीच काय सांगायचं?

लपवायच्या दोन रीती आहेत.
पहिलीत वस्तू जाते
आणि खालचं सगळं वर सरकतं.
करून पाहिलं.
ब्रीमचे भाव झरकन वर आले,
थेट दुकानाच्या नावाला जाऊन चिकटले.
इतक्या पटकन!
मी लगेच मागे फिरवलं.

दुसरीत वस्तू दिसत नाही,
जागा मात्र तिची तिलाच राहते.

रविवारी बहिणीला फोनवर पान दाखवलं.
तिनं चष्मा कपाळावर ढकलला,
फोन नाकापाशी नेला.
"रंग छान. अगदी आपल्या माशाचा.
पण हे मध्ये पांढरं काय? काही राहिलंय का?"

समास आहे, मी म्हटलं. सोडावा लागतो.

"एवढा?"
मी कागदाच्या पिशव्या मोजत राहिले.
ती अंगठ्यानं खाली खाली जात राहिली,
मग थांबली.
"ईलचा भाव चुकलाय तुझा."