येवद्याचं कोटेशन

फुटाचा भाव काय, एवढंच विचारतात सगळे.
गुल्हाने मॅनेजरांनीही तेच विचारलं,
टेबलावर दोन तुकडे ठेवून,
एक लोखंडी, एक केशरी प्लास्टिकचा.
"ताई, हा तं निम्म्यात पडते."

पडते.
पण मी निखाडे हार्डवेअरच्या काउंटरवर
एकोणीस वर्षं लोकांचे खर्च मांडते आहे.
पाइप हा कोटेशनातला बोलका आकडा.
मुके आकडे खाली बसलेले असतात.

बियाण्याच्या कॅलेंडरमागे रेघ ओढली.
लोखंडाकडे:
अमरावतीहून ट्रक, उतरवायला आठ माणसं,
आटे पाडायचं मशीन, वेल्डर,
आणि वेल्डरची ठिणगी, जिथे श्वासात रुई जाते तिथे.
म्हणजे जिनिंग बंद. कापूस यायला लागलेला,
विमावाल्यांची मुदत दिवाळीची.
नऊ दिवस कवडी वेचणाऱ्या बाया घरी.
ही मजुरी कुणाच्या रकान्यात, साहेब?
साहेब पंख्याकडे पाहत होते.

शिवाय आमचं पाणी.
खारपाणपट्ट्यातलं. लोखंडाचे पापुद्रे करतं
चार-पाच पावसाळ्यांत.
माझ्या दुकानाची अर्धी भाकर त्या गंजावर आहे,
मी त्याला नावं ठेवू नयेत.

केशरीला मीठ बाधत नाही.
संजू मून तीन नळ्या खांद्यावर टाकून
सायकलवरून नेतो, एका हातानं.
सोल्युशन लावायचं, दाबून धरायचं, तीस मोजायचे.
मग एक दिवस कुणी हात लावायचा नाही.
पण तो वाकतो. आधार जवळजवळ लागतात,
क्लॅम्प वाढले. आणि शिक्का असलेलाच हवा,
न्हाणीघराचा नव्हे.
न्हाणीघराचा अजून स्वस्त, हे साहेबांना
मी सांगायच्या आधीच माहीत होतं.

तरी बेरीज केशरीकडे झुकत होती.
मग मी शिडी मागितली.

टिनाखाली, दुपारी दोनला, थर्मामीटर धरून बसले
वाशाच्या कोपऱ्यात, कबुतरांच्या शेजारी.
एक्कावन्न.
ऑक्टोबरमध्ये.
मे महिना अजून हिशोबात यायचाच होता.

खाली मन्साराम जामूनकर शिडी धरून उभा.
गेल्या माघात गाठीला आग लागली ती
त्यानंच ओळखली, वासानं, तिसऱ्या रात्री.
"लागली तवा दिसली नाई," तो म्हणाला,
"आत आत चालत होती, बाई. मुंगीवानी."
कापसातला एक खडा, दातऱ्यावर घासलेला.
एवढंच भांडवल.

खाली उतरून रेघ पुसली, दुसरी ओढली.
रुईच्या हॉलमध्ये लोखंड. गंजलं तरी लोखंड,
आतून रंग, दर वर्षी तपासणी, त्याचे वेगळे पैसे.
कारण पाणी पोचेपर्यंत
पाइपाला उभं राहावं लागतं, आगीच्या आधी मऊ होऊन चालत नाही.
ऑफिसात, बायांच्या खोलीत केशरी.
आणि टाकी. चाळीस हजार लिटर. डिझेल पंप,
कारण आग भारनियमन पाहून लागत नाही.

टाकीचा आकडा वाचून साहेब हसले.
"टाकी नंतर पाहू."
"टाकीविना पाइप म्हणजे वाळवणाची दोरी," मी म्हटलं.
ते हसायचे थांबले. सही केली नाही.
समितीपुढे ठेवतो म्हणाले.

परतताना बायांच्या खोलीत डोकावले.
संजूनं नमुन्याला म्हणून सकाळी
केशरी पाइपाचा एक गाळा चढवला होता.
त्याला अकरा डबे टांगलेले,
एक ओली साडी, आणि सुमन डहाकेच्या नातीची
झोळी बांधायला घेतलेली, एक गाठ झाली होती.

रागावले नाही. गाठ मी सोडवली,
झोळी खिडकीच्या दोन गजांत बांधून दिली.
दुकानात येऊन कोटेशनाच्या तळाशी,
टाकीच्याही खाली, लिहिलं:
भिंतीत खुंट्या, लाकडी, बारा नग.
कडी, झोळीसाठी, एक नग.

समितीनं टाकीवर दोन बैठका घेतल्या.
खुंट्यांवर कुणी बोललं नाही.
त्या मी आधीच ठोकून आले होते.