बारावा रस्ता

पहाटे तीनला सोयाबीन दळायला घेते मी,
साडेनऊला हात धुऊन नगर कार्यालयात.
वास जात नाही.
समोरच्या पाटीवर माझं नाव, तोदोरोकी किनुए,
पाटीमागे मी, टोफूचा वास येणारी.

विषय तीन : स्मशानातल्या नळाचा रंग.
पाऊण तास.
हिरवा की राखाडी यावर माणसं इतकी जीव तोडून बोलली
की चहा दोनदा आला.

विषय चार : बर्फ.
नांगरगाड्या दोन. एक चालक एकाहत्तरचा,
दुसरा सापोरोला मुलीकडे निघालाय.
रस्ते बारा, पैसे अकरांचे.
हिशेबनीस उभा राहिला, म्हणाला, दर घरामागे खर्च...
आणि अडखळला,
कारण बाराव्या रस्त्यावर
भागायला घर एकच होतं.

ते घर मागच्या रांगेत बसलं होतं,
टोपी मांडीवर ठेवून.
होनमा तोकुजी. पूर्वी चाळीस गाई,
आता एक धुराडं.
प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, असा नियम आहे.
तो मीच वाचून दाखवला होता कधीतरी, दुसऱ्या कुणाला तरी.

निवडणुकीत त्याच्या ओट्यावर बसून
लोणच्याच्या मुळ्याबरोबर चहा प्यायले होते.
रस्त्याचं तेवढं बघा, म्हणाला होता.
बघू, म्हणाले होते.
बघू.
किती सोयीचा शब्द. खिशात मावतो,
धुवायलाही टाकता येतो खिशासकट.

कुणाची हरकत?
घड्याळ. हीटर. कुणीतरी खोकलं.
हरकत घ्यायची तर कुठला रस्ता सोडायचा ते सांगावं लागतं,
सातव्यावर शाळा, नवव्यावर डायलिसिसची बाई,
तिसऱ्यावर, खरं सांगायचं तर, मी.

आम्ही हात वर केले.
सगळ्यांनीच.
इतिवृत्तात एक शब्द : एकमताने.

बाहेर तो सपाता काढून बूट घालत होता,
बराच वेळ, वाकून.
वर न बघता म्हणाला,
तुझा हात सगळ्यात शेवटी गेला. दिसलं मला.
आभार होते की आणखी काही,
मी विचारलं नाही.

गुरुवारी दुकानात आला नेहमीसारखा.
एक लादी, घट्ट.
मी दुसरी सरकवली पिशवीत.
त्याने ती काढून काउंटरवर ठेवली,
अलगद, फुटू नये अशी,
आणि एकीचेच पैसे मोजले.

डिसेंबर. पहाटे तीन.
जातं थांबवलं की ऐकू येतं,
गाडी चढण चढते, वळणापर्यंत जाते,
थांबते,
मग मागे येताना वाजते टीं, टीं, टीं.
इतकी वर्षं याच वेळी जागी असते मी.
ती तिथून मागे फिरताना
कधी ऐकली नव्हती.